डबा पुन्हा मिळेल, हिशेब मिळणार नाही : सॉफ्टवेअर कंटेनरची ओळख, पहिल्या कमांडपासून

सांगली / सातारा : द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातल्या रस्त्यांवर लांबलचक रेफर कंटेनर दिसू लागतात. पॅकहाऊसमध्ये माल पेट्यांत भरतात, गार करतात, कंटेनरचं दार सील होतं आणि गाडी न्हावा शेवा बंदराच्या वाटेला लागते. पुढे गाडी बदलते, क्रेन बदलते, जहाज लागतं, देश बदलतो. पण पेट्या काही पुन्हा पुन्हा उतरवून चढवाव्या लागत नाहीत. डबा एका मापाचा असल्यामुळे कुठलीही क्रेन, कुठलंही जहाज तो उचलू शकतं.

संगणकाच्या जगात हाच शब्द हल्ली सारखा कानावर येतो. पुण्यातल्या कंपनीत मुलाखतीला गेलेल्या मुलाला पहिल्या पाच प्रश्नांत विचारतात, ‘कंटेनर चालवलाय का?’ मुलगा गावाकडे फोन करून सांगतो आणि घरचे म्हणतात, ‘अरे, तू कॉम्प्युटर शिकलास ना? मग कंटेनर कशाला चालवायचा?’ प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण नाव खरोखर त्याच डब्यावरून आलं आहे.

हा सॉफ्टवेअरचा डबा म्हणजे काय, तो आपल्या साध्या लॅपटॉपवर कमांड टाइप करून कसा चालवायचा आणि त्यात कुठे सावध राहायचं, ते पाहू.

अडचण कुठली होती?

सांगलीचं वालचंद असो, कराडचं शासकीय अभियांत्रिकी असो की साखराळ्याचं राजारामबापू इन्स्टिट्यूट, शेवटच्या वर्षाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला एक वाक्य पाठ असतं : ‘सर, माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं!’ घरी चालणारा प्रोजेक्ट दुसऱ्या संगणकावर टाकला की अडतो. कारण त्या सॉफ्टवेअरला पायथनची एक ठरावीक आवृत्ती लागते, डेटाबेस लागतो, चार-दोन लायब्ररी लागतात. इथे आवृत्ती जुनी, तिथे लायब्ररीच नाही.

हीच गोष्ट एखाद्या दूध संस्थेत किंवा अडत दुकानातही होते. हिशेबाचं सॉफ्टवेअर कोपऱ्यातल्या एकाच जुन्या संगणकावर असतं. कोणी तरी कधी तरी बसवून दिलेलं. तो संगणक बिघडला की नव्यावर ते जसंच्या तसं उभं करता येत नाही. म्हणून त्याला कोणी हात लावत नाही, अपडेटही करत नाही.

कंटेनर यावर साधा उपाय करतो. सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं बाकीचं सामान एकाच डब्यात भरायचं. मग तो डबा लॅपटॉपवर, संस्थेच्या संगणकावर किंवा मुंबईच्या सर्व्हरवर ठेवा, आतली मांडणी तीच राहते.

नाव कुठून आलं?

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन या वाहतूक व्यावसायिकाचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालं. त्यावर ५८ कंटेनर होते. मालाऐवजी आख्खा डबाच उचलायचा, ही कल्पना तिथून जगभर पसरली.

सॉफ्टवेअरमध्ये एका संगणकावर वेगवेगळे बंद कप्पे करण्याची सोय आधीपासून होती. २००८ पर्यंत लिनक्समध्येही त्याचे बरेच भाग तयार झाले होते. पण ते वापरणं किचकट होतं. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन या परिषदेत ‘डॉकर’ दाखवलं आणि दोन-तीन शब्दांच्या कमांडवर हे काम होऊ लागलं. डॉकर म्हणजे गोदीत काम करणारा. त्याच्या बोधचिन्हात पाठीवर कंटेनर घेतलेला देवमासा आहे, तो त्यामुळेच. २०१५ मध्ये डब्याचं माप सगळ्यांसाठी एकच असावं म्हणून कंपन्यांनी मिळून खुलं मानक ठरवायला सुरुवात केली. त्यामुळे आज डॉकरऐवजी ‘पॉडमन’सारखं दुसरं साधन वापरलं तरी डबा तोच चालतो.

डबा आणि साचा

दोन शब्द सुरुवातीलाच वेगळे ओळखायला हवेत. ‘इमेज’ म्हणजे साचा. ‘कंटेनर’ म्हणजे त्या साच्यातून काढलेली चालती वस्तू. गणपतीचा साचा एक असतो, मूर्ती हव्या तेवढ्या काढता येतात. मूर्तीचं काही झालं तरी साचा शाबूत राहतो. तसंच इमेज एकदा उतरवून घेतली की तिच्यातून दहा कंटेनर काढा, मोडा, पुन्हा काढा.

आणखी एक फरक. एका संगणकात दुसरा आख्खा संगणक उभा करण्याची जुनी पद्धत आहे, तिला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ते म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळं घर आणि वेगळी विहीर. कंटेनर म्हणजे एकाच वाड्यातल्या वेगवेगळ्या खोल्या. प्रत्येकाला आपलं दार, आपली कडी, पण आड एकच. हा आड म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात. तो सगळ्यांत सामाईक असल्यामुळे कंटेनर काही क्षणांत सुरू होतो आणि कमी मेमरीत भागतं.

काय लागतं?

८ जीबी रॅमचा, ६४ बिटचा लॅपटॉप पुरे. उबंटू लिनक्स असेल तर टर्मिनल उघडून या दोन ओळी टाकायच्या :

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल डॉकर.आयओ

या लेखातल्या सगळ्या कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाकायच्या. ‘पीएस’, ‘आरएम’ अशी जोडनावं म्हणजे तीच दोन-दोन अक्षरं. शब्दांमधली मोकळी जागा आणि आडव्या रेघा जशा दिल्यात तशाच ठेवा. उबंटूवर डॉकरच्या प्रत्येक कमांडआधी ‘सुडो’ लावावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

विंडोज असेल तर आधी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा. तिथे ‘व्हर्च्युअलायझेशन’पुढे ‘एनेबल्ड’ दिसलं पाहिजे. नसेल तर ते बायोसमधून चालू करून घ्यावं लागतं. मग पॉवरशेल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा आणि टाका :

डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल

संगणक पुन्हा सुरू केला की विंडोजच्या आत लिनक्सची सोय होते. त्यानंतर ‘डॉकर डेस्कटॉप’ बसवा. विद्यार्थ्यांना, वैयक्तिक वापरासाठी आणि लहान व्यवसायांना ते मोफत आहे. मोठ्या कंपनीला मात्र पैसे मोजावे लागतात. लिनक्सवरचं मूळ डॉकर इंजिन मुक्त स्रोत आहे.

पहिली कमांड

डॉकर रन हॅलो-वर्ल्ड

एवढंच टाइप करून एंटर दाबा. डॉकर आधी ही इमेज आपल्याकडे आहे का ते बघतं. नसली तर ‘डॉकर हब’ या ऑनलाइन कोठारातून उतरवतं, तिच्यातून कंटेनर काढतं, चालवतं आणि पडद्यावर इंग्रजीत स्वागताचा संदेश येतो. संदेश दिसला म्हणजे बसवणं नीट झालं. ही इमेज काही किलोबाइटचीच असल्यामुळे डेटा पॅकला धक्का लागत नाही.

आता जरा उपयोगाचं काही चालवू. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर जगभर वापरतात. त्याचं स्पेलिंग एन-जी-आय-एन-एक्स.

डॉकर रन -डी --नेम वेब -पी ८०८०:८० एनजिनएक्स

‘-डी’ म्हणजे मागे चालू राहू दे, टर्मिनल अडवू नको. ‘--नेम वेब’ म्हणजे या डब्याचं नाव वेब. ‘-पी ८०८०:८०’ म्हणजे संगणकाचं ८०८० क्रमांकाचं दार डब्याच्या ८० क्रमांकाच्या दाराला जोड. डावीकडचा आकडा बाहेरचा, उजवीकडचा आतला, ही जोडी उलटी करण्याची चूक सगळेच करतात. आता ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:८०८०’ टाका. एनजिनएक्सचं स्वागताचं पान दिसेल. काहीही इन्स्टॉल न करता तुमच्या लॅपटॉपवर वेब सर्व्हर चालू झाला.

रोजच्या कामाला लागणाऱ्या कमांड मोजक्याच आहेत :

डॉकर पीएस : आत्ता कुठले डबे चालू आहेत
डॉकर पीएस -ए : बंद पडलेल्यांसह सगळे डबे
डॉकर लॉग्ज वेब : त्या डब्याने काय काय नोंदवलं
डॉकर स्टॉप वेब : डबा थांबवा
डॉकर स्टार्ट वेब : तोच डबा पुन्हा चालू करा
डॉकर आरएम वेब : थांबवलेला डबा मोडून टाका
डॉकर इमेजेस : आपल्याकडे कुठले साचे आहेत

यातली ‘आरएम’ ही कमांड लक्षात ठेवा. खरी गोष्ट तिथेच आहे.

डबा मोडला की आतलं गेलं

नवा माणूस इथेच फसतो. कंटेनरच्या आत लिहिलेलं सगळं कंटेनरबरोबर जातं. नुसतं ‘स्टॉप’ केलं तर ते राहतं, ‘आरएम’ केलं की संपलं. ऐकून पटत नाही, म्हणून हा प्रयोग स्वतः करून बघा. ‘अल्पाइन’ ही लिनक्सची अगदी छोटी इमेज आहे.

डॉकर रन -आयटी --नेम कच्ची अल्पाइन

‘-आयटी’मुळे आपण थेट डब्याच्या आत जातो. आता तिथे टाका :

इको शिल्लक > नोंद.टीएक्सटी
कॅट नोंद.टीएक्सटी
एक्झिट

पहिल्या ओळीने फाइल लिहिली, दुसरीने वाचून दाखवली, तिसरीने आपण बाहेर आलो. आता ‘डॉकर आरएम कच्ची’ करून डबा मोडा. पुन्हा वरचीच रन कमांड देऊन आत जा आणि ‘कॅट नोंद.टीएक्सटी’ विचारा. उत्तर येईल, अशी फाइलच नाही. कच्च्या वहीचं पान फाडावं तसं झालं.

पक्की वही डब्याबाहेर ठेवावी लागते. डॉकरमध्ये तिला ‘व्हॉल्यूम’ म्हणतात. आता असं करा :

डॉकर रन -आयटी --नेम पक्की -व्ही खतावणी:/डेटा अल्पाइन

‘-व्ही खतावणी:/डेटा’ म्हणजे खतावणी नावाचं व्हॉल्यूम बाहेर ठेव आणि ते डब्यात ‘डेटा’ या फोल्डरच्या जागी जोड. व्हॉल्यूम आधी नसलं तर डॉकर स्वतः तयार करतं. आत जाऊन टाका :

इको शिल्लक > /डेटा/नोंद.टीएक्सटी
एक्झिट

‘डॉकर आरएम पक्की’ करून डबा मोडा, तीच कमांड देऊन नवा डबा काढा आणि ‘कॅट /डेटा/नोंद.टीएक्सटी’ विचारा. शिल्लक जागच्या जागी असेल. डबा नवा, खतावणी जुनीच.

कंटेनर वापरणाऱ्याने पहिल्या दिवशी शिकावी अशी गोष्ट हीच. डबा टाकाऊ आहे, आणि तेच त्याचं बळ आहे. नवी आवृत्ती आली की जुना डबा मोडून नवा लावायचा. पण ते निर्धास्तपणे करता येतं ते माल बाहेर ठेवलेला असेल तरच. कुठलंही हिशेबाचं किंवा डेटाबेसचं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये चालवण्याआधी एकच प्रश्न विचारा : याचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये जातो आणि त्या जागी व्हॉल्यूम जोडलंय का?

पाणी आलं तर?

व्हॉल्यूम हे डब्याबाहेर असलं तरी संगणकाच्या आतच असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगली शहरासह मिरज, पलूस, वाळवा भागात कृष्णा-वारणेचं पाणी दुकानांत, संस्थांत, घरांत शिरलं. तळमजल्यावरच्या टेबलाखाली ठेवलेला संगणक अशा वेळी डबा आणि खतावणी दोन्ही घेऊन बुडतो. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी जशी आपण रोज बघतो, तशी बॅकअपची तारीखही बघायला हवी.

साध्या फाइलींची प्रत काढायला ही कमांड आहे :

डॉकर सीपी पक्की:/डेटा ./प्रत

व्हॉल्यूममधल्या फाइली ‘प्रत’ नावाच्या फोल्डरमध्ये येतात. तो फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि पेन ड्राइव्ह दुसऱ्या ठिकाणी, उंचावर ठेवा. डेटाबेस असेल तर मात्र तो चालू असताना त्याच्या फाइली नुसत्या उचलू नका, प्रत अर्धवट निघू शकते. त्यासाठी प्रत्येक डेटाबेसची स्वतःची ‘डम्प’ कमांड असते, ती वापरा. आणि काढलेली प्रत महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली शिल्लक.

बॅकअप हाती असेल तर कंटेनरचा खरा फायदा इथे कळतो. नवा लॅपटॉप आणा, डॉकर बसवा, इमेज उतरवा, बॅकअप जोडा. बसवणाऱ्या माणसाला शोधत फिरावं लागत नाही.

नेट कमी असेल तर

माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या गावांत बऱ्याच जणांचा सगळा भार मोबाइलच्या डेटावर असतो. काही इमेज शेकडो एमबीच्या असतात, काही त्याहून मोठ्या. पण इमेज थरांनी बनलेली असते आणि एकदा उतरलेला थर डॉकर पुन्हा उतरवत नाही. शिवाय एकाने उतरवलेली इमेज पेन ड्राइव्हवरून दुसऱ्याला देता येते :

डॉकर सेव्ह -ओ वेब.टीएआर एनजिनएक्स

तयार झालेली फाइल दुसऱ्या संगणकावर नेऊन तिथे टाका :

डॉकर लोड -आय वेब.टीएआर

कॉलेजच्या लॅबमध्ये तर हेच बरं पडतं. सगळ्यांचं नेट एकाच पत्त्यावरून जात असेल, तर डॉकर हब ठरावीक वेळेत ठरावीक वेळाच इमेज उतरवू देतं आणि मागच्या बाकावरच्यांना नकार मिळतो.

हमखास येणाऱ्या चार अडचणी

‘कॅनॉट कनेक्ट टू द डॉकर डिमन’ असं आलं तर डॉकरच चालू नाही. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप उघडा, उबंटूवर ‘सुडो सिस्टिमसीटीएल स्टार्ट डॉकर’ टाका.

‘परमिशन डिनाइड’ म्हणजे उबंटूवर सुडो लावायचं राहिलं.

‘पोर्ट इज ऑलरेडी अलोकेटेड’ म्हणजे ते दार दुसरा कोणी वापरतोय. डावीकडचा आकडा बदला, ८०८० ऐवजी ८०८१ करा.

‘नेम इज ऑलरेडी इन यूज’ म्हणजे त्या नावाचा जुना डबा अजून पडून आहे. ‘डॉकर पीएस -ए’ने बघा आणि नको असेल तरच मोडा.

इथे सावध

डबा बंद असला म्हणजे आतला माल चांगलाच असतो असं नाही. डॉकर हबवर कोणीही इमेज टाकू शकतं. ‘ऑफिशियल’ अशी खूण असलेल्याच इमेज सुरुवातीला वापरा. सरावासाठी ‘-पी’मध्ये ‘१२७.०.०.१:८०८०:८०’ असं लिहा, म्हणजे ते दार फक्त तुमच्याच संगणकाला उघडं राहतं. लिनक्सवर नुसतं ‘८०८०:८०’ लिहिलं, तर नेहमीची फायरवॉल लावलेली असूनही ते बाहेरच्यांना उघडं पडू शकतं. इंटरनेटवरून उचललेल्या साफसफाईच्या कमांडमध्ये ‘व्हॉल्यूम’ हा शब्द किंवा शेवटी ‘-व्ही’ दिसला तर थांबा. ‘डॉकर कंपोज डाउन -व्ही’ ही कमांड डब्यांबरोबर खतावणीही पुसते, आणि ती परत येत नाही.

पुढचं पाऊल

मोठ्या सॉफ्टवेअरला एक डबा पुरत नाही. हिशेबाचा एक, डेटाबेसचा एक, असे अनेक लागतात. ते सगळे एका फाइलीत लिहून एकदम चालवण्याच्या सोयीला ‘डॉकर कंपोज’ म्हणतात. याचं चांगलं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. ‘ईआरपीनेक्स्ट’ हे मुक्त स्रोत व्यवसाय सॉफ्टवेअर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने तयार केलं. खरेदी-विक्री, गोदामातला साठा, हिशेब असं त्यात बरंच काही आहे. गिटहबवर ‘फ्रॅपे_डॉकर’ या नावाने त्याचे डबे ठेवलेले आहेत. डॉकर डेस्कटॉप असेल तर तो फोल्डर उतरवून, त्यात जाऊन ही ओळ टाकली की झालं :

डॉकर कंपोज -एफ पीडब्ल्यूडी.वायएमएल अप -डी

आधीचा एनजिनएक्स बंद करायला विसरू नका, कारण यालाही ८०८० हेच दार लागतं. पहिल्यांदा इमेज मोठ्या आहेत, त्यामुळे चांगलं नेट असेल तिथे बसा. सगळं उतरल्यावर काही मिनिटं वाट बघा आणि ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:८०८०’ उघडा. वापरकर्त्याचं नाव ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, पासवर्ड ‘ॲडमिन’. नावाचं पहिलं अक्षर इथे मोठं टाकायचं. ही मांडणी फक्त चाचणीपुरती आहे. तिच्यावर संस्थेचा खरा हिशेब सुरू करू नये. पण बेदाण्याच्या पेट्या, हळदीची पोती, दुधाचं संकलन अशा खोट्या नोंदी टाकून सॉफ्टवेअर आपल्या कामाचं आहे का, ते एकही रुपया न घालवता बघता येतं. विद्यार्थ्यालाही मुलाखतीत सांगण्यासारखं हातचं काम मिळतं.

द्राक्षाचा कंटेनर युरोपात पोचला की रिकामा होतो आणि दुसरा माल भरून पुढे जातो. त्या डब्याची बागायतदाराला काळजी नसते. त्याला काळजी असते ती मालाची आणि पट्टीची. सॉफ्टवेअरच्या डब्याकडेही तसंच बघावं. हॅलो-वर्ल्ड चालवायला पाच मिनिटं लागतात. कच्ची आणि पक्की वहीचा प्रयोग करायला आणखी पंधरा. पण खऱ्या नोंदी डब्यात टाकण्याआधी ती पंधरा मिनिटं जरूर काढावीत.